पाठीशी भांडण

उठताना मावशी आधी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायची, कमरेला एक मालवणी शिवी हासडायची आणि मग उभी राहायची. कुणी हात द्यायला पुढे झालं, की म्हणायची, "दुखता तर दुखूंदे. माझी मी उठतंय."

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर ती माझी शेजारीण. गिरणी बंद पडल्यावर नवरा फार टिकला नाही. मावशीने चिंचपोकळीच्या एका छोट्या कारखान्यात शर्टांच्या कॉलर शिवून मुलाला शिकवलं. जन्मभर मशीनवर वाकली, ते साठीनंतर पाठीने वसूल केलं.

एकदा पाण्याची बादली उचलताना पाठ अशी धरली, की ती गॅलरीत वाकलेलीच राहिली. मुलगा बदलापूरहून धावत आला आणि तिला आपल्या लिफ्टच्या इमारतीत घेऊन गेला. डॉक्टरांनी चार दिवस आराम सांगितला होता. मुलाने त्याचे दोन महिने केले. वाईट नव्हता तो, घाबरला होता. पाण्याचा पेलाही पलंगावर यायचा. मी भेटायला गेले तेव्हा मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. चाळभर ऐकू जाणारा तिचा आवाज आता शेजारी बसूनही नीट ऐकू येईना.

"पाठ काही थांबली नाही गो दुखायची," ती म्हणाली. "मीच थांबलंय."

त्यानंतर एका दुपारी पाहते तो मावशी पिशवी घेऊन चाळीच्या दारात उभी. मुलगा-सून कामावर गेल्यावर कुणाला न सांगता निघून आली होती. प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत, घाम पुसत ती वर चढली. मला फक्त पिशवी उचलू दिली.

संध्याकाळी मुलगा आला तो संतापूनच. वाटेत पडली असतीस तर, जिन्यात पडलीस तर, असं बरंच बोलला. आम्ही सगळे आपापल्या दारात उभे होतो. तुम्ही असतात तर तुम्हीही दारात येऊन ऐकलं असतं. फार रागावली की मावशी मालवणी सोडून शाळेतल्या बाईंसारखं बोलायची.

"पडले तर पडेन," ती म्हणाली. "पण पडायच्या भीतीने पडून राहायला मला सांगू नकोस."

मुलगा रात्री तिथेच जेवला, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला परळला फिजिओथेरपीला घेऊन गेला. तिथल्या मुलीने सांगितलं, रोज थोडं थोडं चाला, ओझं उचलू नका, दुखेल म्हणून झोपून राहू नका. हे ऐकताना आईने आपल्याकडे कसं पाहिलं, ते त्यानेच मला हसत सांगितलं.

मग मावशी सकाळ-संध्याकाळ गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागली. जाता-येता प्रत्येक दारात डोकावायची, कुणाच्या कालवणात काय कमी आहे ते सांगायची. पाठीपेक्षा तिच्या जिभेलाच व्यायाम होतो, असं लोक म्हणत. पण काही दिवस ती कुणाशीच बोलत नसे. कठडा घट्ट धरलेला, ओठ मिटलेले, कपाळावर घाम. अशा दिवशी आम्हीही तिला हाक मारत नव्हतो. तिला तेवढं चालू द्यायचं.

पहिल्या मजल्यावरच्या मुलीच्या हळदीला ती खाली उतरली आणि डीजेसमोर चक्क नाचली. मोठी पावलं नाहीत, उड्या नाहीत. कमरेवर एक हात आणि दुसरा हवेत. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. मी शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन गेले आणि दोन शब्द सुनावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "नाचलंय नसतंय तरी दुखलीच असती."

गेल्या थंडीत तिला ताप आला, तो उतरेना. हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. तिथून मावशी परत आली नाही. पण जातानाची ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. शेजारच्या दोघा पुरुषांनी तिला बसवून न्यायला प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती. मावशीने हाताने नको म्हटलं आणि कठडा धरला. मुलाने या खेपेला वाद घातला नाही. तो तिच्या एक पायरी पुढे, तिच्याकडे तोंड करून, उलटा उलटा उतरू लागला. मागून रिकामी खुर्ची घेऊन ते दोघे. दुसऱ्या मजल्यावर मावशी दम घ्यायला थांबली, मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दमलात तर तुमीच बसा जरा."