झायडल ठेवला का?

गेर्नोट झायडलच्या आडनावाची चेष्टा लाइपझिगच्या शाळेतच सुरू झाली होती. झायडल म्हणजे बिअरचा मग. मास्तर हजेरी घेताना त्याच्या नावाशी आले की मागच्या बाकावरून कोणीतरी घोट घेतल्याचा आवाज काढायचं. पुढे चॉकलेटच्या कारखान्यात त्याने अठ्ठावीस वर्षं खोक्यांवरच्या चेरी आणि बदाम रंगवले. तिथेही दर नाताळात "झायडल भरा रे" हा विनोद ठरलेला. तो हसून सोडून द्यायचा. त्याचं दुःख वेगळं होतं. त्याने रंगवलेली लाखो खोकी घरोघरी गेली, पण एकावरही त्याचं नाव नव्हतं.

कारखान्याने चित्रकाराची जागाच रद्द केली तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. पुस्तकाच्या चौथ्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत, मुखपृष्ठ कोणाचं ते छापलेलं असतं. त्या ओळीत एकदा तरी आपलं नाव यावं, एवढंच त्याने मनाशी धरलं. बायकोला, इंग्रुनला, त्याने ते बोलून दाखवलं, आणि तिने त्याच दिवशी त्या पुस्तकांसाठी बैठकीच्या खोलीतल्या फडताळाचा एक कप्पा रिकामा करून पुसून ठेवला.

अर्ज त्याने रीतसर केला. कोपऱ्यात टाय लावलेला फोटो, खाली शिक्षण आणि नोकरीच्या तारखा ओळीने, सोबत बारा चित्रं करड्या पुठ्ठ्याच्या फोल्डरात घालून वर फितीची गाठ. स्टेशनामागच्या एका प्रकाशनगृहाकडून सात आठवड्यांनी उत्तर आलं. मुखपृष्ठ विभागाच्या प्रमुख टेशनरबाईंनी लिहिलं होतं की आपण नमुना म्हणून एक चित्र करून पाहावं. पसंत पडलं तर आमच्या चित्रकारांच्या यादीत आपलं नाव घालू.

कादंबरीचं हस्तलिखित चारशे बारा पानांचं होतं. गेर्नोटने ते दोनदा वाचलं. नावाड्याच्या विधवेची गोष्ट होती, आणि दोनशे तिसऱ्या पानावर ती नवऱ्याचा कोट उलटा करून अंगात घालते. त्याने तो उलटा कोट रंगवला, शिवणीचा दोरा न् दोरा दिसेल असा. उत्तर आलं, "अगदी थोडक्यात हुकलं. पुढच्या वेळी आपली आठवण ठेवूच."

आठवण त्यांनी खरंच ठेवली. दोन वर्षांत नऊ हस्तलिखितं आली, नऊ चित्रं गेली, आणि दर वेळी "थोडक्यात" हाच शब्द परत आला. कोणी दुसरा असता तर वैतागला असता. गेर्नोटला वाटायचं, इतक्या जवळ पोचलेला माणूस आज ना उद्या आत जाणारच. इंग्रुन कप्प्यावरची धूळ दर शनिवारी पुसत राहिली.

दहाव्या हस्तलिखितासाठी टेशनरबाईंनी त्याला कचेरीत बोलावलं. बाई चौतीस वर्षांच्या, केस आखूड, बोलणं भराभर. कॉफी आली, थोडं इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यांनी कप खाली ठेवून हात पुढे केला.

"आता हे अहो-जाहो पुरे झालं. मी फ्रीडरीके."

गेर्नोट उठून उभा राहिला. वयाने लहान बाईने आपणहून असं म्हणणं रीतीला धरून नव्हतं, पण हुद्द्याने ती मोठी होती. कारखान्यात त्याच्या साहेबाशी एकवीस वर्षांनीही अहो-जाहोच चालायचं. जिथे माणसाला 'तू' म्हणतात तिथे तो आतला झाला, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"मी गेर्नोट," तो म्हणाला, आणि तिचा हात हातात घेतला.

घरी दोघांचा हिशोब एकच निघाला. नेमणुकीचं पत्र काय, मागाहून येईल. पण नव्या जागी रुजू होणाऱ्याने सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं, आणि त्यात उशीर झाला तर माणूस चिकट ठरतो. त्या आठवड्यात गेर्नोटने चित्र पुरं केलं, आणि बुधवारी पहाटे इंग्रुनने परातभर केक भाजला, खाली दह्याचा थर आणि वर अंड्याचा, तिच्या आईच्या पद्धतीचा. एका काखेत चित्र आणि हातात परात घेऊन तो ट्रामने गेला.

बुधवारी मुखपृष्ठांची सभा असते. फ्रीडरीकेच्या मदतनीस बाईने चित्र त्याच्याकडून घेतलं आणि त्याला सभेच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. दार अर्धवट उघडं होतं. आतून विक्रीवाल्या माणसाचा घोगरा आवाज आला.

"झायडल ठेवला का? झायडल ठेवल्याशिवाय बसायचं कसं?"

"ठेवतेय," मदतनीस बाई म्हणाली. "ताजाच आलाय. अजून ओला आहे."

सगळे हसले. बाहेर गेर्नोटही हसला. सकाळी साडेदहाला बिअर म्हणजे प्रसंग तसाच असणार, आणि प्रसंग कोणता ते त्याला माहीत होतं. त्याने परातीवरचं फडकं काढून घडी केली, टाय सरळ केला आणि आत गेला.

टेबलावर मग नव्हते. भिंतीलगतच्या फळीवर तीन चित्रं उभी होती आणि तिसरं त्याचं होतं. त्याच्याखाली चिठ्ठी चिकटवलेली होती, शाईच्या पेनाने लिहिलेली : 'झायडल'. विक्रीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, मग परातीकडे.

"केक कोणी मागवला? वा!"

उत्तराची वाट न पाहता त्याने एक तुकडा उचलला. मग बाकीच्यांनीही उचलले.

फ्रीडरीके त्याला बाहेर घेऊन आली. तिने काही लपवलं नाही, तेवढी ती प्रामाणिक होती. लेखकापुढे नेहमी तीन चित्रं ठेवायची असतात, तिने सांगितलं. पहिलं आपल्याला हवं असलेलं, दुसरं बेताचं, आणि तिसरं त्याने नाकारायचं. काहीतरी नाकारायला मिळालं की लेखकाला आपलं ऐकलं असं वाटतं आणि तो पहिल्याला मुकाट्याने मान डोलावतो.

"म्हणजे माझी चित्रं वाईट आहेत," गेर्नोट म्हणाला.

"छे, वाईट कशी? वाईट ठेवलं तर डाव लगेच कळतो. जवळजवळ चांगलं लागतं. आणि जवळजवळ चांगलं तुझ्याइतकं कोणालाच जमत नाही, गेर्नोट. आम्ही चौघांना वापरून पाहिलं."

"मग ते 'तू' कशासाठी?" त्याने विचारलं.

"यादीवरच्या चित्रकारांशी आम्ही अहो-जाहोच करतो. ते भांडतात, अटी घालतात." ती हसली, आणि हसू अगदी आपुलकीचं होतं. "तू घरचा आहेस."

आतून परात परत आली. धुऊन दिली होती.

घरी इंग्रुन दारातच उभी होती. आधी तिने परात पाहिली.

"आवडला का त्यांना?"

"तुकडा उरला नाही."

"आणि तुझं? नाव लागलं?"

गेर्नोटने कोट काढून खुंटीला अडकवला. त्याला त्यासाठी बराच वेळ लागला.

"तिथे माझं नाव घेतल्याशिवाय सभाच सुरू होत नाही," तो म्हणाला.

इंग्रुनने दोन्ही हात तोंडावर धरले. मग आत जाऊन तिने बहिणीला फोन लावला आणि हेच वाक्य तिला दोनदा ऐकवलं.

अकरावं हस्तलिखित तीन आठवड्यांनी आलं. या वेळी गेर्नोटने ते उघडलंही नाही. गोष्ट कसली आहे हे न पाहता त्याने दुपारभरात एक दीपस्तंभ आणि दोन पक्षी फासले, आकाश एकाच निळ्याने भरलं, आणि चित्र पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी ते परत आलं. मागे फ्रीडरीकेच्या अक्षरात चिठ्ठी होती.

"गेर्नोट, हा झायडल नाही. हे नुसतंच वाईट आहे, लेखकाला लगेच कळेल. तू नीट वाचून करतोस तसं कर. सोमवारपर्यंत हवं."

त्याने चिठ्ठी इंग्रुनच्या हाती लागू नये म्हणून चुलीत टाकली. मग चष्मा पुसला, हस्तलिखिताचं पहिलं पान उघडलं, आणि सवयीप्रमाणे पेन्सिलीला टोक करून वाचायला बसला.