उर्सुलाने सोडून दिलेलं पान

पायगाडी, म्हणजे सायकल, घरी आली तेव्हा ठाण्याच्या त्या आळीत ती पहिलीच होती. सन अठराशे पंच्याण्णवची गोष्ट. विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनेर साहेबाची ती जुनी गाडी फेलिक्सने विकत घेतली, आणि गाडीबरोबर तीन गोष्टी मिळाल्या: हवा भरायचा पंप, एक लोखंडी पाना आणि तेलाचे डाग पडलेलं इंग्रजी पुस्तक. पंप आणि पाना फेलिक्सने उचलला. पुस्तक त्याने थोरल्या बहिणीच्या मांडीवर टाकलं.

"हे तुझं, बाय. मला ए-बी-सीच्या पुढे धाप लागते."

उर्सुला सहा वर्षं मुंबईला नन्सच्या शाळेत राहून शिकली होती. आईबाप गेल्यावर ती परत आली, शिवणाच्या मशीनवर बंगल्यांतले कपडे शिवून तिने फेलिक्सला वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल कोणी हळहळलं की ती म्हणायची, "मशीनला तेल घातलं की ते गप्प बसतं. नवऱ्याचं तसं नसतं म्हणतात." पुस्तकातलं जे कळलं ते तिने वहीत मराठीत उतरवलं. तिचे शब्द सगळे घरातले. साखळी 'फार ताणू नये, पाळण्याच्या दोरीसारखी जराशी झोळ राहू द्यावी.' चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या पोलादी गोळ्या 'मिऱ्यांपेक्षा मोठ्या, वाटाण्यापेक्षा लहान.' दर पानावर चित्र. कारण गाडीची डागडुजी करणारा गुणाजी लोहार, आणि त्याला अक्षर ओळखीचं नव्हतं. तो टांग्यांची चाकं बांधायचा. उर्सुला वाचून दाखवायची, तो डोळे मिटून ऐकायचा आणि एकदा ऐकलेलं विसरायचा नाही.

वहीत तिने एकच प्रकरण घेतलं नव्हतं, गाडी साफ करण्याचं. धुवायचं कसं हे बायामाणसाला पुस्तकातून काय शिकायचं, असं म्हणून तिने ती दोन पानं उलटून टाकली होती.

फेलिक्स देवी टोचणारा होता. त्या काळी एका मुलाला देवी टोचली की आठव्या दिवशी त्याच्या दंडावरच्या फोडातून लस घ्यायची आणि ती पुढच्या मुलांना टोचायची. दिवस चुकला की लस फुकट. ओवळ्याच्या एका मुलाचा आठवा दिवस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येत होता, आणि ती लस त्याच सकाळी दहाला बाळकूमला पोचवायची होती. तिथे डॉक्टरसाहेब स्वतः येणार होते. फेलिक्सला ठाण्यात कायम करायचं की डोंगरात मोखाड्याकडे धाडायचं, हे ते काम बघून ठरवणार होते. ओवळं चार कोस. सूर्य वर आल्याशिवाय आई पोराला उंबऱ्याबाहेर काढणार नाही, म्हणजे पायी गेलं तर परत येता येता बारा वाजणार. पायगाडीच्या भरवशावर फेलिक्सने "पोचतो" म्हणून सांगितलं होतं. मोखाड्याचं नावही उर्सुलाला नको वाटायचं. तिथल्या तापाने गेल्या वर्षी दोन माणसं नेली होती.

चाकाची एक तार सैल झाली म्हणून गाडी नवमीच्या आदल्या दिवशी गुणाजीकडे टाकली होती. दसऱ्याच्या दुपारी फेलिक्स पोरांच्या आयांना आठवण करून द्यायला बाळकूमला गेला आणि उर्सुला गाडी आणायला गेली.

गुणाजीच्या लोहारशाळेत ऐरणीला झेंडूची माळ होती. भाता, हातोडे, सांडश्या पाटावर ओळीने मांडलेल्या. आणि शेवटी, नवरीसारखी नटलेली पायगाडी. हँडलाला आंब्याची पानं, चाकांना हळदकुंकू.

"खंडेनवमीला न्हाऊ घातली," गुणाजी अभिमानाने म्हणाला. "आपल्या ऐरणीच्या पंगतीत बसवली, उर्सुलाबाय. नारळ पण तिच्यापुढंच फोडला."

"आणि पाणी?"

"कसलं पाणी?"

"नारळाचं."

"ते काय वाया घालवायचं? दोन्ही तुंब्यांत ओतलं. तेल घालायची भोकं आहेत ना, तिथून. वर चिमूट चिमूट कुंकू."

उर्सुलाने चाक उचलून फिरवलं. पाट्यावर राळा रगडावा तसा आवाज आला.

"अरे देवा."

"तुमच्या फादरबाबांनी तीर्थ शिंपडलं तेव्हा बरं काही बोलला नाहीत!"

"त्यांनी हँडलवर चार थेंब टाकले, गुणाजीदादा. तुम्ही पोटात नारळ ओतलात!"

पण तिचा राग पुरता चढलाच नाही. तिने झोळीतून पुस्तक काढलं, उलटून टाकलेली पानं उघडली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की तुंब्यात पाणी किंवा धूळ कधीही जाऊ देऊ नये.

"चूक तुमची नाही," ती म्हणाली. "मी हे वाचलंच नव्हतं. उघडा आता. घासलेटमध्ये धुऊन नवं तेल घालायचं."

गुणाजीने हात मागे घेतले. "आज नाही. आमची हत्यारं उद्या दुपारच्या पूजेनंतर उठतात. तोवर या शाळेत मी लोखंडाला हात लावत नाही. बापानं लावला नाही, आज्यानं लावला नाही."

उर्सुलाने त्याच्याकडे पाहिलं. त्याला पाप वाटेल ते करायला लावणं तिला पटेना. आणि चार कोसही कमी होईनात.

"तुमची हत्यारं बसलीत," ती म्हणाली. "माझी नाहीत."

घरून तिने गाडीचा पाना आणला, मशीनचा पेचकस आणला, मशीनच्या तेलाची बाटली, घासलेटची वाटी आणि एक जुनं पांढरं धोतर. पदर खोचून ती खाली बसली. समोर गुणाजी, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"मनगटानं नाही, बाय. खांद्यानं. हां. आता श्वास सोडा आणि ओढा."

नट सुटला. पाठोपाठ वाटीसारखा तुकडा निघाला आणि मागून लालभडक चिखलात बुडालेल्या गोळ्या. तिने त्या धोतरावर मोजल्या. पुस्तक म्हणत होतं एका बाजूला नऊ. निघाल्या आठ.

"एक कमी."

दोघं सारवलेल्या जमिनीवर ओणवी झाली. गुणाजीच्या बायकोने, रंगूबाईने, आतून डोकावून विचारलं, "काय हरवलं? कानातलं?"

"त्याहून मोलाचं," उर्सुला म्हणाली.

गुणाजी एकदम थांबला. हात पाठीशी बांधून त्याने हनुवटीने झेंडूच्या ढिगाकडे दाखवलं. "तिथं. चकाकतंय. मी शिवणार नाही, तुम्हीच घ्या."

"तोंडानं फुंकर तर माराल?"

"तेवढी चालते," तो म्हणाला आणि त्याने इतक्या जोरात फुंकर मारली की पाकळ्या तिच्या केसांत गेल्या.

मागचं चाक झालं, मग पुढचं. नट किती आवळायचा ते पुस्तकात नीट कळेना. 'हलू नये, पण अडूही नये,' एवढंच. उर्सुलाने मशीनच्या बॉबिनचा धागा आठवला आणि आवळून परत जरासा सोडला. गुणाजीने डोळे मिटून चाकाचा आवाज ऐकला.

"अजून एक पेर सोडा."

सोडला. चाक फिरत राहिलं, थांबेचना.

"आता तुम्ही माझ्या दुकानात या कामाला," गुणाजी म्हणाला.

"तुम्ही माझ्या हाताखाली असाल तर येते."

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या वेळी फेलिक्स निघाला. उर्सुलाने मशीनवर बसून एक झगा शिवायला घेतला. बाही उलटी लागली, उसवली, परत लावली. चर्चची बाराची घंटा झाली. एक झाला.

दोनच्या सुमाराला तो आला. कपडे धुळीने माखलेले, दात दिसत होते.

"साडेनऊला पोचलो, बाय! डॉक्टरसाहेब यायच्या आधी. अकरा पोरं टोचली, एकीची आय पळून जात होती तिला धरून आणली. साहेब म्हणाले, ठाण्यातच राहा. कागद आठवड्यात येतो."

उर्सुलाने डोळे पुसले, पण झग्याच्याच काठाने, त्यामुळे काठ परत धुवावा लागला. मग तिने विचारलं, "मागचं चाक कुरकुरलं का?"

"तुला नोकरीचं सांगतोय मी!"

"ते ऐकलं. चाकाचं सांग."

"नाही कुरकुरलं."

"चढावर?"

"चढावर पण नाही."

"बरं," ती म्हणाली. "जेव आता. आणि गाडी सावलीत लाव."