बोरीवरचं मोहोळ

झाडं लावायला जाताना मी अत्तर लावून गेलो.

आम्ही वालचंदनगरच्या कॉलनीतले पेन्शनर आणि कळंबचे गावकरी मिळून माळावर तरवड, बोर, बाभूळ अशी इथलीच झाडं जगवत होतो, मधमाश्या परत याव्यात म्हणून. त्या दिवशी बोरीवर पहिलं मोहोळ दिसलं. बघायला सगळ्यांत पुढं मी गेलो, आणि माश्याही मलाच बघायला आल्या.

मी टोपी फिरवत पळालो. तेवढ्यात कुणीतरी माझ्यावर घोंगडं टाकून मला खाली बसवलं. आत अंधार आणि मेंढरांचा वास. बाहेरून एक हात पाठीवर थोपटत होता, कोकराला थोपटावं तसा.

"हलू नगा. जातील त्या."

माश्या पांगल्यावर घोंगडं निघालं. एक म्हातारा मेंढपाळ समोर उकिडवा बसून माझ्या कानामागचे माश्यांचे काटे नखानं हळूच खरवडू लागला. नाव विचारायचं राहिलंच. ओठ सुजले होते.

माझं तोंड बघून गावातला एकजण पेटती चूड घेऊन बोरीकडं निघाला. "सरका आबा. जाळतो मोहोळ. उद्या पोरांना चावल्या म्हंजी?"

म्हाताऱ्याचं नख थांबलं. "ह्या माश्यांपायी मी मेंढरं रोपं सोडून लांबच्या वाटंनं न्हेतो. आत्ता कुठं आल्यात, आन् जाळतोस व्हय?"

चूडवाल्यानं चूड मातीत विझवली. म्हाताऱ्यानं माझ्या मानेचा वास घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, "माश्या हितंच ऱ्हातील. ह्या सायबांना मातर फुडल्या खेपेला बिनअंघोळीचं आणा."