नऊ आट्यांचं टोपण

नानाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाकडच्या सिग्नलला अडकले होते. "नाना उठंनात गं," एवढंच काकू म्हणाली. मला आधी रडू आलं नाही, राग आला. यमाने माणूस निवडण्यात चूक केली. न्यायचाच होता तर रावेतमध्येच, काकाच्या घरापासून चार गल्ल्यांवर, एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर दुसरा एकजण ठणठणीत होता... गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत माणसाबद्दल बोलायला कुणी मनाई केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. काकाच्या कंपनीतल्या त्या साहेबाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. रविवारची पुरवणी तो चवीने वाचतो, त्याचं त्याला कळेल.

काका मूळचा टर्नर, लेथवर लोखंड कातणारा. चाकणच्या एका कंपनीत आयुष्य गेलं. एके दिवशी माणूस कमी होता म्हणून त्याला पत्रा दाबायच्या प्रेसवर उभं केलं. माल भराभर निघावा म्हणून प्रेसपुढची, हात आत जाऊ न देणारी जाळी साहेबाने आदल्याच दिवशी काढायला लावली होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनीसकट. तिसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात आला, सफरचंदं घेऊन. "नाना, फक्त फॉर्म्यालिटी आहे," म्हणत त्याने इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे धरला आणि स्वतःचं चकचकीत पेन झटक्यात उघडून काकाच्या डाव्या हातात दिलं. काकाने वेडीवाकडी सही केली. कागदात लिहिलं होतं, "वारंवार बजावूनही मी माझ्या हाताने जाळी काढली." मी त्याची प्रत मिळवून काकाला वाचून दाखवली तेव्हा चौकशी मिटून गेली होती, काकाची नोकरीही. चूक कुणाची म्हटलं की सगळे काकाकडे बोट दाखवायचे, आणि त्याच्याकडे उलट दाखवायला ते बोटच उरलं नव्हतं.

काका सहीला 'सई' म्हणायचा. माझ्या मुलीचं नावही सई, त्यामुळे घरात नेहमी गोंधळ. "माझी सई फुकट नेली त्यानं," तो म्हणायचा, आणि लहानपणी ही घाबरून मला येऊन बिलगायची.

गेल्या वर्षी, नऊ वर्षांची झाल्यावर, ती त्याच्याकडे पेन करायला शिकली. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने जुना लेथ बसवला होता. लाकूड म्हणजे काकूचं तुटलेलं शिसवी लाटणं. पहिल्याच दिवशी काकाने जन्माची सवय म्हणून फिरत्या लाकडावर कूलंट सोडलं, तापलेलं लोखंड गार करायचा तेल-पाण्याचा तो पांढरा रस्सा. लाकूड पिऊन टम्म फुगलं, भोक बुजलं, आत पेनाची नळी जाईना. सई हसून लोळली. "आजोबा, लाकडाला कुठे ताप येतो?" काकाही हसला. "लोखंडाचा मानूस मी. चुकलंच." दुसरा तुकडा घेतला. तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, वेणी फ्रॉकच्या आत खोचली, आणि लेथच्या पुढची जाळी बसल्याशिवाय बटणाला हात लावू दिला नाही. दर वेळी तिने "जाळी!" असं ओरडायचं, मगच तो चालू करायचा.

टोपणाचे आटे पाडायची वेळ आली तेव्हा मी तिथेच होते. एक झाला, दोन झाले, काका थांबेना. सई मोजत होती. नऊ.

"आजोबा, एवढे कशाला? माझ्या शाळेच्या पेनाचं टोपण खटकन निघतं."

"म्हणून तर. ह्ये फिरवूस्तवर कागद वाचून व्हतोय. वाचल्याबिगर सई करायची न्हाई."

"सई मीच आहे ना!"

"तू न्हाई गं, कागदावरची." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "एकदा त्याच्याकडनं ह्याच पेनानं खरं लिवून घ्यायचंय. मग मी मराया मोकळा."

तो मोकळा न होताच गेला. त्याचा डूख माझ्याकडे आला, आणि तो मी आनंदाने घेतला.

जुन्या कामगारांनी गावठाणातल्या देवळात शोकसभा ठेवली. साहेब आला, पांढराशुभ्र झब्बा घालून. यावर्षी त्याला सोसायटीचा अध्यक्ष व्हायचंय, त्यामुळे तो हल्ली सगळीकडे जातो. उभा राहून, गळा दाटल्यासारखा करून म्हणाला, "नाना म्हणजे शिस्त. सेफ्टीच्या बाबतीत त्या माणसाने आयुष्यात कधी हयगय केली नाही." मागे बसलेले चार-पाच कामगार एकमेकांकडे बघायला लागले. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, सुलट्या पहिल्यांदाच ऐकल्या.

शोकसंदेशांची वही आणि ते पेन सईच्या हातात मीच दिलं. लहान मुलीला पुढे केलं, याची लाज मला वाटायला हवी होती. वाटली नाही.

"आत्ता बोललात तेच लिहा ना, अंकल," सई साहेबाला म्हणाली.

त्याने टोपण ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. "ओढू नका, फिरवा. नऊ आटे आहेत." सगळी सभा बघत होती. तो फिरवत राहिला. थांबायला, आठवायला, तोंड वर करून काकाच्या फोटोकडे बघायला त्याला पुरेसा वेळ होता. दवाखान्यात काकाला एवढा मिळाला नव्हता. त्याने तेच वाक्य लिहिलं, शब्दाला शब्द. खाली लफ्फेदार सही ठोकली.

मग वाक्यावर त्याची नजर परत गेली, आणि तिथेच राहिली. "हे पान... जरा चुकलं वाटतं," म्हणत त्याने वहीकडे हात नेला. काकूने वही उचलून पदराखाली घेतली. "ऱ्हाऊ द्या साहेब. फॉर्म्यालिटी हाय," ती म्हणाली.

ते पान आता शेडमध्ये लेथच्या वर खिळ्याने ठोकलंय. शेजारी दवाखान्यातल्या कागदाची प्रत. एकावर काकाची डाव्या हाताची सही, दुसऱ्यावर साहेबाची उजव्या हाताची. शेड सगळ्यांना उघडी आहे. त्याच्या टॉवरमधल्या मतदारांनी येऊन बघावं, चहा आमच्याकडे.

पेन तिथेच, लेथच्या ट्रेमध्ये आहे. साहेबाने ते सईला परत दिलं तेव्हा घाईत टोपणाचे दोनच आटे लावले होते. उरलेले सात तिने देवळातच उभं राहून, मोठ्याने मोजत फिरवले.