एका पुस्तकाच्या एकोणीस जिल्दी

प्रयोगशाळेत दोन गोष्टी न सांगता वाढतात, बुरशी आणि किस्से! झाकण जरा उघडं राहिलं की झालं. बुरशी निदान धुऊन टाकता येते. किस्से मात्र निवृत्तीनंतरही सुटत नाहीत. मेथी निवडायला बसावं, एखादा आठवावा, आणि जुडी तशीच हातात राहावी, असं माझं हल्ली रोज होतं.

आमच्या लातूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग उघडला तेव्हा जिल्हाही नवा होता. कचेऱ्यांवर पाट्या रंगवायचं काम चालू होतं, आणि दुष्काळ असा की गावात ओलं म्हणावं ते त्या पाट्यांवरचा रंग तेवढा. विभाग म्हणजे आम्ही तिघं. विभागप्रमुख निटूरे सर, मी, आणि लॅब अटेंडंट गफूरभाई. विद्यार्थी बारा.

मला मूळची तंद्री लागायची सवय. हदगावला आई म्हणायची, "ही पोरगी चुलीवर दूध ठेवती अन् आभाळात जाती." लातुरात तंद्रीला भरपूर वाव होता. दुपारी खिडकीबाहेर सगळं पांढरं दिसायचं, आत मायक्रोस्कोपखाली पाण्याचा एकच थेंब असायचा, आणि त्या थेंबात मला पूर आलेली नदी दिसायची. काठावर हिरवं शेवाळ, मधून कुणीतरी घाईघाईनं पोहत चाललेलं. तास संपल्याची घंटा मला कधीच ऐकू आली नाही.

*

पहिला प्रश्न होता पाठ्यपुस्तक कोणतं घ्यायचं. पुण्याहून एक विक्रेता आला आणि त्यानं टेबलावर तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं मांडली. सरांनी गफूरभाईंना स्टूल दिलं आणि प्रत्येक पुस्तकातलं एकेक पान त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. गफूरभाईंना इंग्रजी अजिबात येत नव्हतं!

पहिल्या पुस्तकावर ते म्हणाले, "ह्यो माणूस रागाला येऊन लिवलाय, साहेब."

दुसऱ्याला त्यांना डुलकी लागली. तिसऱ्याला मात्र ते स्टूल पुढं ओढून बसले. "ह्यो बरा हाय. बसून निवांत सांगायलाय."

सर विक्रेत्याला म्हणाले, "हे द्या."

विक्रेता चाट पडला. "सर, पुस्तक अटेंडंट निवडणार?"

"भाषा कळत नसताना जे ऐकावंसं वाटतं, ते पुस्तक वाईट कसं असेल?" सर म्हणाले.

त्या पुस्तकात जिवाणूंची रंगीत चित्रं होती. जांभळे मणी, गुलाबी काड्या, निळ्या वेली. आम्ही तिघंही किती तरी वेळ ती पानं बघत राहिलो. शेवटी गफूरभाईंनी उसासा टाकला. "साहेब, ह्ये कापडावर छापलं तर ईदला एक थान उरायचं न्हाई!"

*

पण अनुदानात प्रत बसली एकच. मग पोरांनी बसस्टँडवरच्या दुकानातून गाईड आणलं. त्यात जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूची आकृती होती. खरं तर डोकं वर, सहा पाय खाली, कोळ्यासारखी. छापणाऱ्यानं ती नेमकी उलटी छापली होती, आणि आमच्या बाराच्या बारा पोरांनी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ती तशीच काढली. पाय आभाळाकडे!

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी पहिलंच जर्नल उघडलं. ते होतं तुकारामचं. तुकाराम किनवटकडच्या इस्लापूरचा, धबधब्याशेजारी वाढलेला आणि लातूरच्या उन्हात वाळत चाललेला.

"हा असा उलटा का रे?"

तुकारामनं आकृतीकडे नीट बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, "सर, मेलाय तो."

परीक्षक हसले आणि पास करून गेले. सर मात्र हसले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी विभागातली सगळी गाईडं गोळा केली आणि म्हणाले, "मॅडम, पुस्तक एक आणि माणसं बारा. आता याचं काहीतरी करायला पाहिजे."

*

उपाय गफूरभाईंनीच काढला. त्यांचं घराणं जिल्दसाजांचं, वह्यापुस्तकं बांधणाऱ्यांचं. निम्म्या बाजाराच्या लाल खारव्याच्या, म्हणजे जाड सुती कापडाच्या, वह्या त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या.

"साहेब, किताब फाडू."

"काय?"

"एकोणीस धडे हायेत. एकोणीस जिल्दी करू. ज्याला जो धडा पायजे तो घरी नेईल, आठ दिसांनी बदलंल. नळाची पाळी हाय का न्हाई? तशी धड्याची पाळी."

सरांनी होकार दिला, पण पुस्तकाच्या पाठीवरून सुरी फिरली तेव्हा ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला त्यांची फार दया आली. पुस्तकांवर जीव टाकणारा माणूस तो. तिसऱ्या दिवशी लाल खारव्यातल्या एकोणीस सडपातळ जिल्दी टेबलावर आल्या तेव्हा त्यांनी एकेक हातात घेतली, वास घेतला, आणि कुणाला कोणता धडा कधी, याचा तक्ता करायला बसले. नोटीस बोर्डावर तो तक्ता नळाच्या वेळापत्रकाशेजारीच लागला. ज्याच्या गल्लीत ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी त्यानं धडा बदलायचा नाही, एवढाच नियम. पाण्याच्या दिवशी कॉलेजला कोण येणार?

ग्रंथपाल बिराजदार अत्यंत प्रामाणिक माणूस. नियमात एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. त्यांनी एकोणीसही जिल्दी बघितल्या, शाई घेतली आणि प्रत्येकीवर स्वतंत्र नंबर घातला. "जितक्या जिल्दी तितके नंबर! नियम हाय." आम्ही त्याकडे लक्ष दिलं नाही. तिथंच चुकलं.

*

चौदावा धडा पाण्याचा होता. पाण्यातले जंतू, ते कसे शोधायचे, पाणी पिण्यालायक कधी म्हणायचं, हे सगळं त्यात. सर म्हणाले, हा धडा नुसता वाचायचा नाही. त्यांनी प्रत्येकाला निर्जंतुक केलेली बाटली दिली आणि आपापल्या गल्लीतलं पाणी भरून आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकरा बाटल्या आल्या भरून. तुकारामची आली रिकामी.

"सांडलं?"

"न्हाई सर. टँकरचं भरलं व्हतं. चालत येऊन राहिलो तर वाटंत लई तहान लागली."

सरांनी चष्मा पुसला, रजिस्टर उघडलं आणि नमुना क्रमांक बारासमोर लिहिलं, 'तुकाराम'.

"आता तूच नमुना," ते म्हणाले. "आठ दिवस रोज सकाळी येऊन तब्येत सांगायची!"

तुकाराम आठही दिवस ठणठणीत राहिला. सरांनी टँकरच्या पाण्याला त्याच्या भरवशावर चांगला शेरा देण्याचं मात्र टाळलं.

*

आता सुनंदाबद्दल. सुनंदा बिलोलीची. वडील तिकडच्या तालुका कचेरीत शिपाई, आणि ही लातुरात मावशीकडे राहून शिकत होती. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "लातुरात कोर्स हाय तवर शीक. बंद पडला तर औरंगाबादला पाठवायची माझी ऐपत न्हाई. माघारी ये, लगीन करून टाकू." आमचा कोर्स तात्पुरत्या मान्यतेवर चाललेला. तिचं सगळं आयुष्य त्या एका 'तात्पुरत्या' शब्दावर टांगलेलं होतं, आणि ती ते मला एकदाच बोलली, तेही काचपट्ट्या पुसता पुसता.

सुनंदा धडा परत करायच्या आधी तो अख्खा मराठीत वहीत लिहून काढायची. गल्लीतल्या बुद्धविहारात सावली असे, तिथं बसून. मग पाण्याच्या रांगेत मावशीचा हंडा सांभाळताना तीच वही वाचत बसे. एक दिवस मागच्या बाईनं विचारलं, "मनातल्या मनात काय वाचायलीस? आमाला बी सांग की!" आणि सुनंदानं चौदावा धडा रांगेला वाचून दाखवला!

पुढच्या पाळीला मी मुद्दाम बघायला गेले. टँकर आलेला नव्हता. भिंतीच्या चतकोर सावलीत बायका बसल्या होत्या, मध्ये सुनंदा वाचत होती, आणि प्रत्येक हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. रिकाम्या हंड्यांनासुद्धा. मला वाटलं, हे स्वप्नातच असेल. तेवढ्यात तिची मावशी मला म्हणाली, "बाई, ह्या पुस्तकात आमचं इरजण का फाटतंय ते लिवलंय का?"

"नवव्या धड्यात आहे," मी म्हटलं.

"मग नववा कुणाकडं हाय? त्याला म्हणावं लवकर आण!"

मी हे सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मॅडम, आपले विद्यार्थी किती?"

"बारा, सर."

"हंडे किती होते?"

*

मान्यता कायम करायची की कोर्स बंद करायचा, हे ठरवायला विद्यापीठाची समिती येणार होती. तसं पत्र निघालं, पण पाकिटावर जिल्हा जुनाच, उस्मानाबाद, लिहिलेला. ते आधी तिकडे गेलं, तिथं विसावलं, आणि लातूरला पोचलं तेव्हा समिती यायला एक दिवस उरला होता. त्यात सुट्टी लागलेली!

पत्रात एक ओळ होती: 'आपण कळविलेली सूक्ष्मजीवशास्त्राची एकोणीस पाठ्यपुस्तके पाहण्यात येतील.'

सरांचा चेहरा उतरला. "एकोणीस? कुणी कळवली?"

बिराजदार ताठ मानेनं म्हणाले, "मी. रजिस्टरात हायेत तेवढी!"

दुपारपर्यंत आम्ही अख्खं लातूर पालथं घातलं. दोन धडे सायकलवर आले, एक कंडक्टरच्या हाती आला, एक पिठाच्या डब्याखालून निघाला. संध्याकाळी अठरा जमले. चौदावा तुकारामकडे, आणि तुकाराम इस्लापूरला, धबधब्यापाशी!

सर खुर्चीत बसून राहिले. "एकाची एकोणीस दाखवली, आणि त्यातलंही एक नाही. लबाडीच दिसणार ही," ते म्हणाले. दारात सुनंदा उभी होती. पिशवीतून वही काढून तिनं गफूरभाईंच्या हातात दिली. गफूरभाईंनी त्यातली चौदाव्या धड्याची पानं मोजली, खारव्याचा तुकडा काढला आणि जिल्द चिकटवायची खळ शिजवायला ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्ष वयस्कर होते आणि प्रवासानं घामाघूम. गफूरभाईंनी त्यांना ग्लासात माठातलं पाणी दिलं. ते ग्लास घेऊनच कपाटासमोर उभे राहिले आणि लाल पाठी मोजू लागले. एकोणीस भरल्या. मग त्यांनी दोन उघडून बघितल्या.

"हे तर एकच पुस्तक आहे."

"हो, सर," निटूरे सर म्हणाले. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "दुष्काळ आहे. वाटून घेतो."

अध्यक्षांनी हात पुढं केला तो नेमका चौदाव्यावर! निळ्या शाईतलं मराठी बघून ते थबकले.

"ही कोणती आवृत्ती?"

गफूरभाई म्हणाले, "लातूर आवृत्ती, साहेब."

अध्यक्ष उभ्यानंच वाचू लागले. पंखा बंद होता, वीज गेलेली. पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आपण सगळे त्या पुस्तकातल्या जांभळ्या चित्रात आहोत आणि कुणीतरी वरून वाकून बघत आहे. शेवटच्या पानावर सुनंदानं आमच्या तपासणीचा तक्ता लिहिला होता. टँकर, हातपंप, विहाराचा आड, आणि सगळ्यात खाली, कॉलेजचा माठ: 'पिण्यालायक नाही'.

अध्यक्षांनी ग्लास ओठाला लावला होता. तो त्यांनी तसाच खाली आणला आणि अलगद टेबलावर ठेवला.

"हे कुणी लिहिलं?"

सुनंदा पुढं आली.

"परीक्षेत इंग्रजीत लिहावं लागेल, माहीत आहे ना?"

"हाव, सर. इंग्रजीत पाठ हाय. मराठीत कळलंय."

मग अध्यक्षांनी पेन काढलं, समितीच्या कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि जीपमध्ये बसता बसता सरांना म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्ही येऊ, तेव्हा तो माठ मला दिसता कामा नये!"

जीप गेली. धूळ किती तरी वेळ तशीच उभी राहिली. त्या धुळीतच सुनंदानं माझं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम, पुढच्या वर्षी म्हणले ना ते? तुमी बी आयकलं ना?"