नूरची व्हायवा

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली नाही. नवस-गंडेदोरे काही नाही. शारजातल्या एका युनिव्हर्सिटीत मी इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र, शिकवते, आणि पुराव्याशिवाय बोलणाऱ्याला वर्गात उभं करते. तरीही हे लिहितेय, कारण झालं ते माझ्यासमोर झालं. भर दुपारी, लख्ख उजेडात.

नूर माझी विद्यार्थिनी, जॉर्डनची. हुशार, पण तोंडी परीक्षा म्हटली की हातपाय गार. फायनल व्हायवाला समोर मी आणि माझे सहकारी डॉ. थॉमस, केरळचे. या व्हायवात नापास झाली तर तिची स्कॉलरशिप खलास, म्हणजे गाशा गुंडाळून थेट घरी, अम्मानला.

थॉमसनी विचारलं, "किंमत आणि खप दोन्ही एकमेकांवर अवलंबून असतात. मग किमतीचा परिणाम वेगळा कसा काढशील?"

नूरचे ओठ पांढरे पडले. मी लाडाने म्हटलं, "टेक युअर टाइम, हबीब्ती." तिने डोळे मिटले... आणि बोलायला लागली. स्वच्छ मराठीत!

"बेदाणा वाळत असताना पाऊस आला की माल खराब होतो, भाव चढतो. पण पुण्यात खीर करणारीला त्या पावसाशी काय देणंघेणं? म्हणून हिशेबाला पाऊस धरायचा. भाव हलवतो, पण गिऱ्हाइकाची आवड हलवत नाही. मग खपात जो फरक पडतो, तो निव्वळ भावाचा."

हे शब्द जोशीसरांचे. सांगलीच्या कॉलेजात मला इकॉनॉमेट्रिक्स त्यांनीच शिकवलं. शब्द तेच, 'देणंघेणं'वरचा हेलही तोच. मी हे उदाहरण इथे कधीच दिलेलं नाही – जॉर्डन-सुदानच्या मुलांना तासगावचा बेदाणा काय सांगणार?

थॉमस म्हणाले, "वॉज दॅट हिंदी?"

"मराठी," मी कसंबसं म्हटलं.

नूरने डोळे उघडले. इंग्रजीत म्हणाली, "सॉरी मॅम, मी सुरू करू का?" आपण काही बोललो हेच तिला ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम मराठीत विचारलं, "तू कुठे शिकलीस हे?" "सॉरी मॅम, कळलं नाही," ती म्हणाली. मग तिने इंग्रजीत, खजूर आणि वाळूच्या वादळाचं स्वतःचं उदाहरण घेऊन, बिनचूक उत्तर दिलं. मार्क आम्ही त्या उत्तराचेच दिले.

ती बाहेर पडल्याबरोबर मी सांगलीला फोन लावला. खरं सांगू? मनात नको ते आलं होतं. सर ऐंशीच्या पुढचे.

पण फोन सरांनीच उचलला. आवाज खणखणीत.

"सुलभा? बरं झालं केलास. जेवून जरा आडवा झालो होतो, तर काय विचित्र स्वप्न! मी कुणाची तरी व्हायवा घेतोय, आणि एक परदेशी पोरगी अगदी रडवेली झालीये. शेवटी राहवेना, मीच बेदाण्याचं उत्तर सांगून टाकलं तिला. परीक्षकाने असं करू नये गं..."

मी अजून नूरचं नावही काढलं नव्हतं.

"पण काय गं," सर म्हणाले, "जाग आली आणि निकाल राहिलाच. पास झाली असेल का ती?"

"झाली सर," मी म्हटलं.

माझ्याशिवाय नूरच्या आसपास मराठी माणूस नाही, ती भारतात कधी गेलेली नाही. सगळं विचारून झालं, थॉमस आजही साक्षीला आहेत. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा, फक्त 'योगायोग' म्हणू नका... योगायोग किती संभवतो ते मोजणं हाच माझा धंदा आहे, आणि हा त्यात बसत नाही.