हसा की, वहिनी!

जुन्या गाड्या विकणारा हा माणूस गिऱ्हाइकाला 'दादा' म्हणतो, त्याच्या बायकोला 'वहिनी'. गाडीला हार घालतो, वहिनींच्या हातून नारळ फोडून घेतो आणि "हसा की, वहिनी!" म्हणत फोटो काढतो. आम्हीही हसलो. पैठणच्या अलीकडंच इंजिन बसलं. गाडी पुरात बुडालेली होती, मेकॅनिक म्हणाला. मी ग्राहक मंचात गेलो. तिथं त्याच्या वकिलानं तोच फोटो पुढं केला. "बघा साहेब, गिऱ्हाईक किती खूश होतं!" बाहेर त्या गाडीवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, तारखा लई पडत्यात. तब्येतीला जपा."

परवा त्याच्या दुकानासमोर दुसरं जोडपं हार घातलेल्या गाडीपाशी उभं होतं. मी रिक्षातून ओरडलो, "हसू नका!"

बाईला माझंच हसू आलं. तेवढ्यात त्यानं फोटो काढला.